शाळेच्या बक्षीस समारंभासाठी मेडल-मोमेंटो करून घेतले, कराडच्या या दुकानाचा सविस्तर अनुभव

पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते खाली येईलच. आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते आठवी, कराड तालुक्यातलंच उसाचं गाव. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे आणि २६ जानेवारीच्या गुणगौरव कार्यक्रमाची बक्षिसं आणायचं काम यंदा माझ्याकडं आणि अजून एका पालक ताईंकडं होतं. (समितीत पाऊणपट पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे, त्यामुळं आमच्याकडं बायका नुसत्या सहीपुरत्या नाहीत, खरेदी आम्हीच करतो.) रिव्ह्यू जरा लांबणार आहे, कारण शाळेसाठी ट्रॉफ्या घेणारे बरेच सर, बाई, पालक हे वाचतील आणि त्यांना नुसतं 'क्वालिटी छान, रेट योग्य' असं वाचून काही समजत नाही, मलाही समजलं नव्हतं.

दुकान एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारखं आहे. बाहेरून बघितलं तर ट्रॉफीच्या कुठल्याही दुकानासारखंच, काचेच्या कपाटात सोनेरी कप, वर क्रिकेटच्या टुर्नामेंटच्या कमरेएवढ्या उंच ट्रॉफ्या, दाराला मेडलच्या रिबिनी लटकवलेल्या. खरं काम मागच्या खोलीत चालतं, तिथं लेझर कटिंगचं मशीन आहे, यूव्ही प्रिंटर आहे आणि कॉम्प्युटरवर डिझाइन करणारी एक ताई बसते. दुकान बापलेकांचं, मुलाला सगळे दादा म्हणतात, वडलांना अण्णा.

मालाबद्दल आधी सांगते कारण पहिल्यांदा घेणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. फायबरचे कप दिसायला भारी असतात पण ते प्लॅस्टिकच, हात लागून लागून कडेचा सोनेरी मुलामा जातो आणि खालच्या बेसवर नावाची जी पट्टी असते ती बऱ्याचदा स्टिकर असते, ती सुटते. हे दादांनी स्वतःहून सांगितलं बरं का, आम्ही विचारलंपण नव्हतं, आणि सगळ्यात जास्त खप त्याच कपांचा असतो. एमडीएफची मोमेंटो म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची दाबून केलेली फळी, लेझरनं पाहिजे त्या आकारात कापता येते, कडा तपकिरी दिसतात, नवी असताना थोडा जळका वास येतो तो जातो नंतर, पण ओल लागली तर फुगते त्यामुळं पावसाळ्यात भिंत पाझरणाऱ्या घरात तिचं काही खरं नाही. ॲक्रिलिक पाण्याला टिकतं पण ओरखडे लवकर पडतात. मेडल घेताना हातात घेऊन वजन बघा, ओतीव असेल तर जड लागतं, पातळ पत्र्याचं असेल तर दोन बोटांत वाकतं. आणि रिबिनीची शिवण ओढून बघा, लहान पोरं मेडल गळ्यात घालूनच पळतात.

आम्ही शेवटी असं घेतलं: खेळाडूंना ओतीव मेडल ३५ रुपयाला एक, तीसेक मुलांना सहा इंची एमडीएफ मोमेंटो १८० ला एक, आणि प्रमाणपत्रं ३०० जीएसएमच्या जाड कागदावर २२ रुपयाला एक. रेट फार कमी नाही, याहून स्वस्त मिळतं. पण बिल जीएसटीचं पक्कं मिळालं, कोटेशन लेटरहेडवर मिळालं, शाळेला ते लागतं. पैशाचं म्हणाल तर सरकारच्या समग्र शिक्षा योजनेचं जे शाळा अनुदान येतं ते पटसंख्येवर असतं, १०१ ते २५० पटाला वर्षाला ५०,००० असा दर आहे, आणि ते लाइटबिल, डागडुजी, खडू, साफसफाई यातच संपून जातं. बक्षिसं लोकवर्गणीतून. म्हणजे कुणी शंभर दिलेत, कुणी पाचशे, सोसायटीनं थोडे, त्या पैशाचं सोनं झालं पाहिजे असं आम्हाला वाटत होतं आणि म्हणूनच एवढी चौकशी केली.

आता नावांचं. मराठी नावं छापणं दिसतं तेवढं सोपं नाही. आपण व्हॉट्सॲपवर युनिकोडमधे टाइप करून पाठवतो, दुकानात कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन असतं आणि श्रीलिपीचे युनिकोड न समजणारे फॉन्ट, तिथं ते पेस्ट केलं की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बसते, रफार गायब. मग ऑपरेटर घाईघाईत सगळं परत टाइप करतो आणि दीक्षाची दिक्षा होते, ऋतुजाची रुतुजा होते. मागं एकदा दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातून (नाव नको) मोमेंटो आणले होते तेव्हा एका पोरीच्या नावापुढं दुसरीचंच आडनाव आलं. स्टेजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, टाळ्या झाल्या, फोटो झाला, घरी जाऊन तिनं वाचलं. तिच्या आईनं मला नंतर सांगितलं की तिनं ते भिंतीवर लावूच दिलं नाही, कणगीमागं ठेवून दिलं, आणि का गं म्हणून विचारलं तर एवढंच म्हणाली, "ते माझं नाही." दुकानदार फोनवर म्हणाला पाठवून द्या बदलून देतो. कार्यक्रम होऊन गेल्यावर बदलून काय करायचं? ज्या दिवशी सगळ्या गावासमोर आपलं नाव पुकारलं जातं तो दिवस एकच असतो ना.

या दुकानात मात्र अण्णा आहेत. अण्णा आधी छापखान्यात खिळे जुळवायचे, एकेक अक्षर हातानं लावायचं काम केलेला माणूस, त्यांची ह्रस्व-दीर्घावरची नजर काय सांगू. त्यांनी आमच्याकडून व्हॉट्सॲपची यादी घेतलीच नाही. म्हणाले, "बाळ, शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणं हेडमास्तरांकडून लिहून सही करून आण." आणली. मग ताईनं टाइप केल्यावर प्रिंट काढली आणि अण्णांनी चष्मा लावून एकेक नाव मोठ्यानं वाचलं, मी यादीवर बोट ठेवून बघत होते, प्रत्येक नावाला टिक. दोन नावांना अडले. एकात शाळेच्या रजिस्टरलाच चूक होती, घरचे नाव वेगळं लिहितात आणि रजिस्टरला वेगळं, तर अण्णा म्हणाले पोराच्या आईला फोन लाव, ते पोरगं वहीवर स्वतःचं नाव कसं लिहितं ते विचार. फोन लावला. पोरगं लिहितं तसंच छापलं. दुकानात गर्दी होती, दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती, पण अण्णांनी घाई केली नाही. मला या एका गोष्टीसाठी हे दुकान आवडलं, बाकीचं नंतर.

आईचं नावपण टाकायचं आमचं ठरलं होतं. १ मे २०२४ पासून पुढं जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव सक्तीचं झालंय, आमची शाळेतली पोरं सगळी त्याच्या आधीची, म्हणजे आम्हाला सक्ती काही नव्हती, पण आयांनीच मीटिंगमधे विषय काढला. आता मुलाचं नाव, आईचं, वडलांचं आणि आडनाव म्हणजे ओळ लांब होते, सहा इंची मोमेंटोवर बसत नाही. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं की आईचं काढा. डिझाइनवाल्या ताईनं मुलाचं नाव मोठ्या अक्षरात एकटं वरती घेतलं आणि खाली बारीक ओळीत आई, वडील, आडनाव. आणि ते जास्त चांगलं दिसलं, कारण लांबून बघितलं तरी पोराचं नाव पहिलं दिसतं.

दादांचं एक मात्र फार मोलाचं. आम्ही मजकूर नेला होता तो आपला नेहमीचाच, 'उत्कृष्ट विद्यार्थी', 'गुणवंत विद्यार्थी', 'हार्दिक अभिनंदन'. दादांनी वाचलं आणि म्हणाले, "ताई, सगळ्यांना एकच छापायचं असलं तर मला काम सोपंच आहे, एक फाइल करायची आणि नुसती नावं बदलायची. पण कशाबद्दल दिलंय ते लिहा की. दहा वर्षांनी पोरगं बघंल तवा त्याला कळाया नको का?" त्याचे जादा पैसे घेणार का विचारलं तर म्हणाले नाही, फक्त मजकूर तुम्ही द्या.

मग आम्ही शाळेत जाऊन सर आणि बाईंबरोबर बसलो आणि प्रत्येक मुलाचं एकेक वाक्य लिहिलं. हे फार अवघड गेलं आणि तितकंच चांगलं झालं, कारण 'गुणवंत' लिहायला मूल माहीत असावं लागत नाही. वाक्य लिहायचं म्हटलं की माहीत असावंच लागतं. एकाचं लिहिलं, 'वर्षाच्या सुरुवातीला अक्षर लावून वाचत होता, आता गोष्टीचं पुस्तक एकटा वाचतो.' एका मुलीचं, 'वर्गाच्या पुस्तकपेटीची वही वर्षभर सांभाळली, एकही पुस्तक हरवू दिलं नाही.' एकाचं, 'गणितात अडलेल्या मित्राला रोज मधल्या सुट्टीत शिकवलं.' लांब उडी, कबड्डी, शिष्यवृत्ती ही तर होतीच, पण शिष्यवृत्तीवाल्यांनासुद्धा नुसतं 'पात्र' असं न लिहिता काय केलं ते लिहिलं. गेल्या वर्षी आठवीतून एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेत पास झालेली एक मुलगी आता हायस्कूलला गेलीय, तिला मुद्दाम बोलावून घेतलं. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात त्यातून, आणि आईवडलांचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत असलेल्या घरातच मिळतात, म्हणजे तिच्या घरात ही रक्कम काय आहे हे ज्यानं त्यानं समजून घ्यावं. तिच्या मोमेंटोवर आम्ही लिहिलं की ही परीक्षा तिनं शाळेच्या जादा तासांना बसून, क्लास न लावता दिली. हे वाचून सातवीतल्या किती पोरी सरांकडं 'आमचा पण फॉर्म भरा' म्हणून गेल्या ते सरांना विचारा.

दुकानात रेडिमेड डिझाइनमधे 'हुशार विद्यार्थी' असंपण एक आहे, सुंदर आहे दिसायला, वर घुबड आणि पुस्तक. आम्ही ते घेतलं नाही. सरांनी मीटिंगमधे एक सांगितलं होतं, १९९८ साली अमेरिकेत म्युलर आणि ड्वेक या दोघींनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले होते, कोडी सोडवल्यावर काही मुलांना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस. पुढं मुद्दाम अवघड कोडी दिली आणि ती जमली नाहीत, त्यानंतर हुशार म्हटलेली मुलं मागं पडली आणि मेहनतीचं कौतुक झालेली पुढं गेली. मला हे ऐकायच्या आधीपासून पटलेलं आहे, माझ्या सासरी एक भाचा आहे त्याला लहानपणापासून सगळे हुशार हुशार म्हणायचे, तो आता जे जमणार नाही असं वाटतं त्याला हातच लावत नाही. तर 'हुशार' काढलं. ताईनं घुबडाच्या जागी आमच्या शाळेतल्या वडाचं चित्र काढून दिलं, शाळेचा फोटो बघून, त्याचे पैसे घेतले नाहीत.

हजेरीचं मेडलसुद्धा आम्ही बंद केलं. त्यावर समितीत बराच वाद झाला, काही जणांचं म्हणणं होतं की हजेरीला बक्षीस पाहिजेच, पूर्वी मुलींना शाळेत यायला रोज एक रुपया उपस्थिती भत्ता मिळायचा की. पण तो भत्ता वेगळा होता, गरीब घरातल्या मुलीला शेळ्या राखायला किंवा भावंडं सांभाळायला घरी ठेवू नये म्हणून होता, तो आईबापांशी बोलत होता. शंभर टक्के हजेरीच्या मेडलमधे काय होतं, तर पोरगं ताप अंगावर काढून शाळेत येतं आणि ज्या मुलाची आज्जी वारली म्हणून चार दिवस बुडाले ते मेडलमधून बाद होतं. कॅलिफोर्नियात सहावी आणि त्यापुढच्या १५,००० हून जास्त मुलांवर अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला, ज्या मुलांना आधी न सांगता मागच्या हजेरीबद्दल अवॉर्ड दिलं ती नंतर उलट जास्त गैरहजर राहिली. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं असं की त्या अवॉर्डवरून मुलांना वाटलं, आपण तर इतरांपेक्षा आणि शाळेच्या अपेक्षेपेक्षा जास्तच येतोय. म्हणजे बक्षीस मुलाला काहीतरी सांगत असतं, आपण ठरवलं नाही तरी सांगत असतं. मग ते काय सांगतंय ते आपणच नीट लिहावं, अंदाजावर का सोडायचं?

आणि बक्षिसाची घोषणापण आम्ही आधी केली नाही, शर्यती आणि परीक्षा सोडून. यालाही कारण आहे. १९७३ साली छापून आलेला एक प्रसिद्ध प्रयोग आहे, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला, तिथल्या स्केचपेननं चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबिन लावलेलं सर्टिफिकेट देऊ. दिलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं तर त्याच मुलांचं चित्र काढणं बाकीच्या मुलांच्या मानानं जवळजवळ निम्मंच. ज्यांना न सांगता नंतर दिलं त्यांचं कमी झालं नाही. आमची ती पुस्तकपेटी सांभाळणारी मुलगी मेडलसाठी पेटी सांभाळत नव्हती, तिला ते आवडत होतं, तिला आधी सांगून आम्ही तिची आवड का घालवायची.

उसाच्या सीझनमधे आमच्याकडं बीडकडची ऊसतोड टोळी येते, त्यांची पोरं चार-पाच महिने आमच्या शाळेत बसतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की जातात. यादी करताना बाई म्हणाल्या की त्यातल्या एका मुलाला तिसापर्यंत पाढे तोंडपाठ आहेत आणि वर्गातली सगळी पोरं आता त्याच्यामुळं पाढे म्हणायला लागलीत. कुणीतरी म्हणालं की तो आपल्या पटावर कायमचा नाही. बाई म्हणाल्या, वर्गात तर आहे ना. त्याचं प्रमाणपत्र करायला सांगितलं तेव्हा दादांना सगळं सांगितलं की तो कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहतो, आणि मार्च-एप्रिलला बैलगाडीतनं सगळा संसार घेऊन पुढं जाईल. दादा म्हणाले मग मोमेंटो नको, मोडंल, कागद पण भिजंल. त्यांनी प्रमाणपत्र जरा लहान केलं, दोन्ही बाजूंनी जाड लॅमिनेशन केलं, कोपरे गोल कापले म्हणजे टोचणार नाही, आणि वर एक भोक पाडून दिलं, खिळ्याला अडकवता येईल असं. हे आम्हाला सुचलं नव्हतं. सरांनी ते त्याच्या शिक्षण हमी कार्डाबरोबर ठेवायला सांगितलंय, म्हणजे गावाकडच्या शाळेत कार्ड दाखवताना हे पण दाखवेल आणि तिथल्या गुरुजींना पहिल्या दिवशी कळेल की या पोराला काय येतंय.

कार्यक्रमाबद्दल थोडंच लिहिते. झेंडावंदन झालं, पाहुण्यांची भाषणं आम्ही आधीच विनंती करून आटोपशीर ठेवली आणि तो वेळ मुलांना दिला. प्रत्येक मुलाचं नाव पुकारल्यावर त्याच्या वर्गशिक्षकांनी मोमेंटोवरचं वाक्य माइकवर वाचायचं आणि मगच पाहुण्यांनी द्यायचं असं केलं. तो वाचायला शिकलेला मुलगा बक्षीस घेऊन खाली आला आणि आज्जीजवळ गेला, आज्जी पुढच्याच सतरंजीवर बसली होती, तिनं मोमेंटो उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "काय लिवलंय रं हेच्यावर?" सरांनी आत्ताच माइकवर वाचलं होतं, तिनं ऐकलं असणार, तरी तिनं त्याला विचारलं. आणि त्यानं अक्षरावर बोट न ठेवता सगळं वाक्य एका दमात वाचून दाखवलं. मी मागंच उभी होते. तिनं परत वाचायला लावलं आणि त्यानं परत वाचलं.

जे लोक म्हणतात की सगळ्यांनाच काहीतरी द्या, कुणी नाराज नको, त्यांना माझं उत्तर असं की सगळ्यांना एकसारखं मेडल दिलं तर पोरं त्याला अजिबात किंमत देत नाहीत, त्यांना बरोब्बर कळतं. आणि जे म्हणतात फक्त पहिल्या तीनच नंबरांना द्या त्यांनी पाचव्या-सहाव्या ओळीतल्या मुलाच्या जागी बसून एकदा कार्यक्रम बघावा, पहिलीपासून आठवीपर्यंत आठ वर्षं टाळ्याच वाजवायच्या म्हणजे काय असतं ते. बोर्डानं दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या लावायचं बंद करून बरीच वर्षं झाली, पण गावोगावच्या फ्लेक्सवर ती यादी अजून चालूच आहे. यंदा आमची यादी सगळ्या मुलांची झाली नाही, होणारही नव्हती. पण दर वर्गातली अशी मुलं आली ज्यांची नावं आधी कधीच पुकारली गेली नव्हती, आणि राहिलेल्यांची वाक्यं पुढच्या वर्षभरात शोधायची असं बाईंनी मनावर घेतलंय.

फ्लेक्स पण इथंच केला. आमच्या भागात फ्लेक्स म्हणजे निम्म्यात पुढाऱ्यांचे फोटो, मग शुभेच्छुकांच्या रांगा, आणि ज्या मुलाचं अभिनंदन आहे ते खाली कोपऱ्यात. आम्ही सांगितलं मुलांचे फोटो मोठे, वर्गणी देणाऱ्यांची नावं खाली एका ओळीत, फोटो कुणाचेच नाहीत. दादांना हे करताना गावातल्या दोघा-तिघांचे फोन गेले म्हणे, त्यांनी तरी आमचंच ऐकलं. धन्यवाद दादा.

अजून एक चांगली सोय या दुकानात आहे जी बोर्डावर लिहिलेली नाही, ती म्हणजे छोटी पुस्तिका. मुलांनी वर्षभरात लिहिलेले निबंध, कविता, ऊसतोडीच्या पोरांनी सांगितलेल्या त्यांच्या गावाकडच्या गोष्टी असं सोळा पानांचं, मधे पिना मारून करून दिलं, आत ब्लॅक अँड व्हाइट, कव्हर रंगीत. माझं स्पष्ट मत आहे की लिहिणाऱ्या मुलाला याच्याएवढा मान दुसरा नाही. १८५५ साली ज्ञानोदय या नियतकालिकानं मुक्ता साळवेचा निबंध छापला, सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली ती विद्यार्थिनी, मातंग समाजातली पोर, मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिनं लिहिलं होतं. शाळेत शिकणाऱ्या एका मुलीचं लेखन तेव्हा कुणाला तरी छापण्यासारखं वाटलं म्हणून पावणेदोनशे वर्षं होत आली तरी आपण ते वाचतोय. तिला त्यावेळी काय काय बक्षिसं मिळाली असतील ती कुठं असतील आता? शब्द राहिले. आमच्या पुस्तिकेच्या शंभर प्रती काढल्या आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या वाचनालयात रीतसर नोंद करून ठेवली.

आता तक्रारी. जानेवारीत यांच्याकडं प्रचंड गर्दी असते, सगळ्या शाळांची स्नेहसंमेलनं, गॅदरिंग, २६ जानेवारी, वर क्रिकेटच्या टुर्नामेंटा, आणि दादा कुणाला नाही म्हणत नाहीत. आम्हाला दिलेली तारीख पाळली गेली नाही, माल कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी हातात पडला आणि तोपर्यंत आमचा जीव टांगणीला. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपला ब्ल्यू टिक येते आणि उत्तर येत नाही. तेवढ्यासाठी अर्धा स्टार कापलाय. दुसरं म्हणजे पॅकिंग कमी पडलं, मोमेंटो एकावर एक नुसते वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, चार-पाचांचे कोपरे दबले. परत नेल्यावर लगेच नवे करून दिले, पैसे विचारलेसुद्धा नाहीत, पण खेड्यातल्या रस्त्यानं जीपमधून नेणाऱ्यांनी बबल पॅकिंग आधीच मागून घ्या. गाडी लावायला जागा नाही, टू-व्हीलरवर गेलात तर बरं. आणि प्रमाणपत्राच्या रेडिमेड बॉर्डर सगळ्या एकजात सोनेरी नक्षीच्या आहेत, लहान मुलांसाठी साध्या, रंगीत, चित्रांच्या दोन-चार बॉर्डर ताईनं करून ठेवाव्यात ही माझी विनंती.

जाणाऱ्यांसाठी थोडं सांगते. ऑर्डर डिसेंबरातच द्या. यादी जनरल रजिस्टरवरून करा, पण छापायच्या आधी प्रत्येक मुलाकडून त्याचं नाव त्याच्याच हातानं एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद दुकानात न्या. वाक्यं शिक्षकांकडूनच लिहून घ्या, दोन ओळींच्या वर नको, सहा इंचीवर बसत नाहीत. पाचशे-हजार रुपये ॲडव्हान्स घेतात, यूपीआय चालतं. आणि प्रूफ बघायला स्वतः जा, मोबाइलवर फोटो मागवून बघू नका, दुपारी चारनंतर गेलात तर अण्णा असतात, त्यांच्यासमोर बसून सगळी नावं वाचून घ्या.